सासरच्या जुन्या सागवानी खुर्च्या: घासून पॉलिश करायच्या की सरळ रंग मारायचा?

झोपाळा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. गिरगावातली सासरची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करताना बाकी सगळं कोणी ना कोणी नेलं, डायनिंगच्या सहा खुर्च्या मात्र कोणालाच नको होत्या म्हणून आमच्याकडे ठाण्याला आल्यात. साग आहे असं सासूबाई म्हणतात पण वरचं पॉलिश इतकं काळं झालंय की खाली काय आहे ते दिसतच नाही, आणि उकाड्यात बसलं की पाठीला चिकटतं. दोन खुर्च्या डुगडुगतात. चार सीट्सवर प्लायवूड आणि मरून रेक्झिन, दोनवर अजून मूळचा वेत आहे पण एकाला मधोमध भोक.
नवरा म्हणतो ओएलएक्सवर टाक. मला ठेवायच्यात, पण या अवतारात नाही, घर छोटं आहे आणि सगळं लाइट कलरचं आहे. व्हिडिओत बघितलं की पांढरा किंवा पिस्ता रंग मारला की एकदम वेगळ्याच दिसतात. मारू का? की घासून पॉलिश? मशीन वगैरे काही नाही, एक बाल्कनी आहे आणि शनिवार-रविवार आहेत.

निवांत
नवऱ्याला ओएलएक्सवर टाका, खुर्च्या ठेवा.

रंधा
निवांत, सुरुवातच अशी करू नका हो, बाई कामाचं विचारतायत.
झोपाळाताई, रंगाचा विचार आत्ता पूर्ण बाजूला ठेवा. वडील सुतारकाम करायचे, मी नोकरीत गेलो पण लहानपण भुशातच गेलंय, त्या हिशोबाने सांगतो. खुर्ची नवी वाटते ती आधी बसल्यावर, मग बघितल्यावर. डुगडुगणारी खुर्ची कितीही चकचकीत केलीत तरी पाहुणा बसताना एक हात टेबलावर ठेवूनच बसणार. म्हणून आधी सांधे, मग जुनं पॉलिश, मग सीट, आणि रंग सगळ्यात शेवटी.
आणि त्याच्याही आधी नुसत्या पुसून बघा. कापडावर टर्पेन्टाइन घेऊन एका पाठीवर चोळा. पन्नास वर्षांचा घाम, डोक्याचं तेल, फोडणीची वाफ असं सगळं त्या थरात असतं, पाठीच्या वरच्या पट्टीवर आणि हातांवर जास्तच. बरेचदा निम्मं काळं तिथेच फडक्यावर येतं आणि माणूस चकित होतो. चिकटपणाही त्याचाच असतो पुष्कळदा.

खटपट्या
+१ रंधाकाका. त्यात एक भर घालतो, वर कुठलं पॉलिश आहे ते ओळखायची टेस्ट फार सोपी आहे. सीटच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर धरून ठेवा. थर विरघळून बोळा तपकिरी झाला तर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, म्हणजे आपलं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही नाही झालं तर लॅकर थिनर लावून बघा, त्याने विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर वार्निश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) आहे, मग पेंट रिमूव्हर नाहीतर पॉलिश पेपर.
गिरगावातल्या जुन्या खुर्च्या म्हणजे माझा अंदाज चपडाच निघेल, आणि तसं असेल तर घासायची गरजच फार नाही. स्पिरिट लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, नारळाच्या काथ्याने नाहीतर भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने रेषेच्या दिशेने चोळायचं आणि जुन्या बनियनने पुसून घ्यायचं. पुसायचं फडकं सारखं बदला नाहीतर तोच गाळ परत लाकडावर फिरतो. बाल्कनीतच करा, गॅस बंद ठेवून, कारण स्पिरिट भडकन पेटतं आणि त्याची वाफही डोक्यात जाते.

पिवळा_डबा
मला कळत नाही पांढऱ्या रंगाला सगळे इतकं का घाबरतात. लाकूड म्हणजे देव आहे का? त्यांचं घर लहान आहे, सहा काळ्या खुर्च्या मांडल्या की खोली अर्धी होते. प्राइमर मारा, दोन हात रंग द्या, विषय संपला. मी आमच्या चार रंगवल्यात, मस्त दिसतात.

रंधा
लाकूड कुठलं तुमचं?

पिवळा_डबा
आंब्याचं असावं. का?

रंधा
म्हणून विचारलं. आंबा, रबरवूड, पाइन यांना जरूर रंगवा, छान दिसतात, त्यात काही पाप नाही. सागाचं वेगळं आहे, त्याच्या अंगातच तेल असतं. म्हणून तर तो पाण्यापावसात टिकतो, पण त्याच तेलामुळे वरचा रंग नीट धरत नाही आणि पांढऱ्यातून काही महिन्यांनी पिवळे-तपकिरी डाग वर येतात. ते अडवायला आधी चपड्याचा बेस असलेला प्राइमर द्यावा लागतो. म्हणजे जी मेहनत वाचवायला रंग मारायला निघालात ती करावी लागतेच. शिवाय खुर्चीच्या पायाला रोज चपला आणि झाडू लागतो, वर्षभरात टवके उडतात. आणि पुढे कधी मन बदललं तर खरादावर (लाकूड गोल फिरवून घडवायच्या यंत्रावर) पाडलेल्या खाचांमधून तो रंग काढणं म्हणजे जन्माची शिक्षा.

कोकणकडा
रंग काढण्यावरून सांगते, हे कोणीच बोललं नाही अजून. खुर्च्यांवर कधीकाळी ऑइलपेंट मारलेला असेल, खालच्या थरातही, तर तो कोरडा घासू नका! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची झाली, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. रिमूव्हरने ओला करून खरवडा नाहीतर वॉटर पेपरने ओलं घासा, आणि तो चोथा पिशवीत बांधून टाका, झाडूने उडवू नका.

झोपाळा
बाप रे इतके रिप्लाय! थँक्यू सगळ्यांना. टर्पेन्टाइनने एक पाठ पुसली आणि खरंच फडकं काळंकुट्ट झालं, खालून मधासारखा रंग डोकावतोय. स्पिरिटची टेस्टही केली, बोळा तपकिरी. म्हणजे चपडा. ऑइलपेंट कुठे दिसत नाही.
नवरा आता येऊन येऊन बघून जातोय, ओएलएक्सचं नाव काढलेलं नाही.
आता सांधे. सुताराला बोलावलं तर तो म्हणाला दोन-दोन स्क्रू मारून देतो, पक्क्या होतील. मारू देऊ?

रंधा
नका!! हात जोडून सांगतो. स्क्रू आणि खिळे हे खुर्चीचे शत्रू. त्या खुर्च्या खाचेत कूस (लाकडाची पुढे काढलेली जीभ) बसवून सरसाने चिकटवलेल्या असणार. बसणाऱ्याच्या वजनाने सांधा दर वेळी थोडा हलतो, त्या हलण्यात स्क्रू आतलं लाकूड कुरतडत जातो आणि एक दिवस कुसाचाच तुकडा पडतो. मग खरंच भंगार.
नीट करायचं तर सांधा पूर्ण उघडायचा. जुना सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा असतो, त्याला पाणी आणि उष्णता सोसत नाही, त्यामुळे गरम व्हिनेगर किंवा गरम पाणी सिरिंजने सांध्यात सोडलं की मऊ पडतो. लाकडी हातोडीने, मध्ये कापडाची घडी ठेवून, हळूहळू ठोकत सोडवा. त्याआधी प्रत्येक भागावर मास्किंग टेप लावून नंबर टाका, सहाही खुर्च्यांचे पाय वरवर सारखे दिसतात पण हाताने बनवलेल्या असल्या तर एकीचा पाय दुसरीला बसत नाही. जे सांधे घट्ट आहेत त्यांना हात लावू नका, उगाच सगळी खुर्ची मोकळी करायचा सोस नको.
मग जुना सरस खरवडून लाकूड उघडं करा. जुन्या सरसावर नवं फेविकॉल धरत नाही, बरेचसे सुतार इथेच घाई करतात. साग तेलकट म्हणून चिकटवायच्या आधी ती जागा थिनरने पुसा. फेविकॉल लावून जोडलं की आवळायला मोठा शिकंजा लागतो, नसेल तर दोरी चारी पायांना गुंडाळून मध्ये लाटणं घालून पीळ द्या, पुरेसा दाब येतो, फक्त दोरीखाली कापड ठेवा म्हणजे वळ उठत नाहीत. सुकायच्या आत खुर्ची सपाट लादीवर ठेवून चारी पाय टेकतात ना बघा आणि सीटच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे हवेत. मग रात्रभर तिला हात लावायचा नाही.

निवांत
लाटणं घरात सापडत नाहीये म्हणून कोणी ओरडलं तर हा धागा दाखवा.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे लोक चांगल्या खुर्च्या फुटपाथवर ठेवून देतात, त्या उचलून आणायचा मला नाद आहे (बायको याला वेगळा शब्द वापरते). दोन गोष्टी सांगतो. पहिली, पाठीचा रुंद भाग अखंड लाकूड आहे की व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) ते कडेने बघा. लाकडाची रेषा कडेवरून वळून मागे गेली तर अखंड, कडेला पातळ पापुद्रा दिसला तर व्हिनियर. व्हिनियरवर सँडिंग मशीन चालवलं तर क्षणात पलीकडे जातं आणि त्याला उपाय नाही. दुसरी, रिमूव्हर घेताना डब्यावरचे घटक वाचा. मिथिलीन क्लोराइडवाले रिमूव्हर अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे, बंद बाथरूममध्ये वापरून माणसं गेलीत. झोपाळा, तुमचा चपडा आहे म्हणजे तुम्हाला लागणारच नाही, पण धागा बाकीचेही वाचतील.

कोकणकडा
झोपाळा, एक विचारते, हे सगळं आत्ता करणार आहात का? आषाढ चालू आहे. आमच्याकडे पावसात पॉलिशवाला कामच धरत नाही. चपडा दमट हवेत लावला की स्पिरिट उडताना हवेतली वाफ धरतो आणि थर दुधाळ पांढरा पडतो. लाकूडही फुगलेलं असतं. नवरात्रानंतर करा, ऑक्टोबर हीटचा एवढा एक तरी फायदा.

झोपाळा
अरेच्चा, हे लक्षातच आलं नव्हतं. गणपतीच्या आत उरकायचं होतं, पण मग थांबते. तोपर्यंत साफसफाई आणि रेक्झिन उचकटणं तरी चालेल ना? आणि पाठीवर एक खोलगट पोचा आहे, कोणीतरी काहीतरी आपटलंय. आणि एका मागच्या पायाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी. वाळवी का?

खटपट्या
वाळवी नाही, भुंगेऱ्याची अळी. वाळवी मातीचे बोगदे करत येते. सागाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाहीत हे किडे, बाहेरच्या फिकट लाकडात शिरतात, म्हणजे त्या पायात कडेचं लाकूड आलंय. ती खुर्ची आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा. लाकडाच्या किडीचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडा, हातमोजे घालून, आणि काही आठवडे खाली काळा कागद पसरून ठेवा. नवी भुकटी पडली तर परत. पाय दाबून बघा, स्क्रूड्रायव्हर आत रुतला तर तो पाय नवीनच करून घ्यावा लागेल.
पोचा सोपा आहे, मजा येते करायला. स्पिरिटने पॉलिश काढून झालं की त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, दबलेलं लाकूड वाफेने फुगून वर येतं. दोन-तीनदा करावं लागतं. लाकडाचा तुकडाच उडाला असेल तर मात्र येणार नाही, मग भरणच.

पळसपान
भरणावरून आठवलं, तयार वूड फिलरपेक्षा जुने पॉलिशवाले करायचे तेच बरं वाटतं मला. खडूची पावडर, त्यात पिवडी (पिवळी माती) आणि चिमूट गेरू, चपड्याच्या पाण्यात कालवून लाकडाच्या रंगाला मॅच करायचं. ओलं असताना जो रंग दिसतो तोच पॉलिशखाली दिसतो, सुकल्यावर फिका झाला म्हणून गेरू वाढवत बसू नका.
चपड्याबद्दल थोडं, माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणून. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याचा राळेसारखा स्राव. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतात हे किडे, सगळ्यात जास्त लाख झारखंड-छत्तीसगडकडे, रांचीजवळ नामकुमला तर १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. एवढं आपलं स्वतःचं असताना लोक महागडे इंपोर्टेड डबे शोधत फिरतात.
पापुद्र्यांचा चपडा घ्या, तयार बाटली नको. लिटरभर स्पिरिटला साधारण दीड-दोनशे ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर, मधेमधे हलवून, मग मलमलने गाळून. आणि ताजंच वापरा. विरघळवून ठेवलेला चपडा हळूहळू बिघडतो आणि मग कितीही थांबा, कडक सुकत नाही. बरणी जुनी असेल तर आधी काचेवर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर ओतून द्या.

पिवळा_डबा
पण चपडा डायनिंगला चालतो का? गरम भांडं ठेवलं की पांढरा गोल उमटतो, आमच्या आजीच्या टेबलावर अख्खं ऑलिम्पिक होतं.

पळसपान
हाहा. बरोबर, टेबलाला नाही चालत. चपड्याला उष्णता, पाणी आणि दारू तिन्ही वर्ज्य. टेबलाला पीयू बरं. खुर्चीवर कोणी कुकर ठेवत नाही (ठेवत असेल तर धागा वेगळा काढा), त्यामुळे खुर्चीला पुरतो. आणि त्याचं मोठं सुख म्हणजे पाच वर्षांनी खराब झालं तर काहीही न खरवडता वरून स्पिरिट-चपड्याचा हात फिरवला की जुना थर नव्यात मिसळतो. पीयूचा टवका उडाला की सगळं काढा.

रंधा
सहमत, पण घरात लहान मुलं असतील, ओल्या हाताने खुर्ची ओढणारी, तर पाठीच्या वरच्या पट्टीला पीयू द्यायला माझी हरकत नाही. फक्त साध्या चपड्यावर पीयू मारू नका, त्यात मेण असतं, वरचा थर सोलून निघतो. एक तर मेण काढलेला चपडा, नाहीतर उघड्या लाकडावर थेट पीयू. ब्रशने लावायचं घ्या, दोन भाग मिसळून स्प्रेने मारायचं काम बाल्कनीतलं नव्हे, त्याला नीट मास्क लागतो.

झोपाळा
मुलगी सहा वर्षांची आहे आणि हात कायम ओले असतात, म्हणजे तुम्ही पाहिलंच असणार तिला. पण मला लाइट हवंय हो. चपड्याने परत लाल-काळं नाही ना होणार?

खटपट्या
चपड्यातच छटा असतात. गडद तांबूस घेतला तर तुमच्या आजेसासूबाईंच्या खुर्च्या परत मिळतील. फिका, ब्लीच केलेला घेतला तर सागाचा स्वतःचा रंग राहतो. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२० (नंबर वाढेल तसा पेपर बारीक), रेषेच्या दिशेनेच, आणि मग नुसता फिका चपडा. खरादाच्या पायांना पेपरची पट्टी कापून बुटाला पॉलिश करतात तशी मागून पुढून ओढा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ताजा घासलेला साग चट्ट्यापट्ट्याचा आणि विचित्र दिसतो, घाबरून त्यावर स्टेन ओतू नका. काही दिवस उजेडात राहिला की स्वतःच सोनेरी होऊन एकसारखा येतो. सहाही खुर्च्या एकदमच घासून उजेडात ठेवा, एक आज एक महिन्याने असं केलंत तर काही दिवस तरी एका सेटच्या वाटणार नाहीत.
लावायला ब्रश नको. कापूस मलमलमध्ये गुंडाळून पोटली करा, पातळ हात, सुकू द्या, परत पातळ हात. जाड एकच थर देण्यापेक्षा पातळ सात बरे. चिकटायला लागली पोटली की थांबा, तेच लाकूड "पुरे" म्हणतंय.

एडिसनकर
कोणी जवसाच्या तेलाचा पर्याय निवडला तर: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात, खरंच. दोरीवर सुटी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

निवांत
सगळे इतकं सीरियस बोलतायत तर मीही एक ज्ञान पाजळतो. इराणी हॉटेलातल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असतात ना, तो नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचा, १८५९ चा. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचे. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या करून छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावायच्या. म्हणजे रंधाकाका, स्क्रूवाल्या खुर्च्याही टिकतात.

रंधा
टिकतात, कारण त्या मुळातच स्क्रूसाठी केलेल्या. त्या सैल झाल्या की कोणीही आवळू शकतो. सांध्याच्या खुर्चीत वरून मारलेला स्क्रू आणि हे एक नाही. पण माहिती चांगली दिलीत, मान्य.

झोपाळा
शेवटचा प्रश्न, सीट. रेक्झिन काढलं तर खाली वेताची भोकं आहेत सगळ्या चौकटींना! म्हणजे सहाही मूळच्या वेताच्याच. आता वेत विणून घ्यावा की कुशन?

कोकणकडा
सहाही वेत!! तुम्हाला लाइट लुक हवाय ना, मग वेतासारखं दुसरं काही नाही, खोली लगेच मोकळी वाटते आणि उकाड्यात पाठीखाली-मांडीखाली हवा खेळते. विणणारे अजून मिळतात. आपल्याकडे अंध कारागिरांना हे काम पूर्वीपासून शिकवतात, सरकारी ऑफिसांच्या खुर्च्या बरेचदा त्यांच्याच हातच्या असायच्या, त्यामुळे जवळच्या अंधांच्या संस्थेत आधी चौकशी करा. बोटाने भोकं मोजत इतकं सफाईने विणतात की बघत राहावं. प्लास्टिकचा वेत स्वस्त पडतो पण सागावर तो दिसतो प्लास्टिकच.
जो वेत तुटलेला नाही, नुसता सैल पडलाय, तो बदलू नका. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूला गरम पाण्याचं फडकं ठेवा, वरून नको, आणि सावलीत सुकू द्या, ताणला जातो आपोआप.

एडिसनकर
मला इथे विणणारा मिळणं अवघड. तयार विणलेली शीट बसवता येईल का भोकांच्या चौकटीत?

कोकणकडा
नाही. शीटला चौकटीत सलग खाच लागते, तीत शीट दाबून वरून वेताची कांडी ठोकतात. भोकं असतील तर हातानेच विणायचं. तुमच्या चौकटीला खाच असेल तर शीट आधी पाण्यात भिजवून मऊ करा, मग दाबा. आणि झोपाळा, पॉलिश पूर्ण झाल्यावरच वेत. आधी विणून घेतलात तर चपड्याचे ओघळ वेतावर येतात आणि घासताना कडा तुटतात.

झोपाळा
ठरलं मग. आत्ता पुसणं, औषध, नंबर टाकणं. नवरात्रानंतर सांधे आणि फिका चपडा, वरच्या पट्टीला पीयू कारण आमची बया. वेत सगळ्यात शेवटी. पिस्ता रंगाचा डबा आणलेला परत देऊ का?

पिवळा_डबा
परत कशाला, कुंड्यांच्या स्टँडला मारा. तो पाइनचा असेल तर रंधाकाकांचीही परवानगी आहे.